एकट्याची वाट आणि घरातला कागद

अमेरिकेत मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत डोंगरमाथ्यांवरून एक पायवाट जाते. नाव पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल, लांबी सुमारे ४,२६५ किलोमीटर. पूर्ण चालायला पाचेक महिने लागतात. आपली मुलं-मुली शिक्षणासाठी, नोकरीसाठी तिकडे असतात. उद्या त्यांतलं कुणी फोनवर म्हणालं, "अम्मी, मी एकटाच चाललोय," तर "कशाला?" म्हणून वाद घालण्यापेक्षा आपण "पुढच्या टप्प्याची तयारी काय?" असं विचारावं.

उदाहरण म्हणून केनेडी मेडोज घेऊ. दक्षिणेकडून निघालं की सुमारे ११३० किलोमीटरवर ही छोटी वस्ती लागते. तोवरचा मुलूख बराचसा कोरडा, फिकीर पाण्याची. इथून पुढे सिएरा नेवाडाचे पहाड; तिथे पाणी उदंड आणि भीतीही त्याचीच. इथलं दुकान मुसाफिरांची टपालाने आलेली खोकी सांभाळून ठेवतं. लोक एखाद-दोन दिवस थांबतात, झिजलेले बूट बदलतात आणि पाठीवरची पिशवी नव्याने भरतात.

पहिला हिशेब खाण्याचा. इंडिपेंडन्स गावाकडे उतरणारा फाटा सुमारे १४० किलोमीटर पुढे आहे, म्हणजे सात-आठ दिवस. दिवसाला ७०० ते ९०० ग्रॅम कोरडं खाणं धरलं तर सहा-सात किलो ओझं झालं. शिवाय पुढे नॅशनल पार्कच्या हद्दीत अस्वलाला उघडता येणार नाही असा कडक डबा सक्तीचा आहे. तो रिकामाच किलोभर भरतो. वासाची प्रत्येक चीज, टूथपेस्ट आणि साबणसुद्धा, त्यातच ठेवायची. तिकडच्या दुकानातलं सुकं मांस हलालच्या सवालामुळे आपली मुलं टाळतील. पण खजूर, बदाम, शेंगदाण्याचं लोणी, शिजवून वाळवलेली मसूर डाळ यांवर उत्तम भागतं. खजुराचं मोल तर आपल्या घरांत सांगायला नको.

दुसरा हिशेब बर्फाचा. या टप्प्यात ४,००९ मीटर उंचीची फॉरेस्टर खिंड येते, सबंध वाटेवरची सर्वांत उंच जागा. बर्फ असेल तर बुटांना लावायचे काटे आणि बर्फाची कुऱ्हाड हवी, आणि ती वापरण्याचा सरावही. खिंड सकाळी चढावी. दुपारी बर्फ मऊ होऊन पाय मांडीपर्यंत रुततो. ओढेही पहाटे ओलांडावेत, कारण दिवसभर बर्फ वितळून संध्याकाळी पाणी चढतं. पाण्यात उतरताना पिशवीचा कमरपट्टा सोडायचा, म्हणजे पाय निसटला तरी ती झटकून टाकता येते. २०१७ साली बर्फ फार पडला होता. त्या उन्हाळ्यात दोन पदयात्री तरुणी सिएराच्या ओढ्यांत बुडून मरण पावल्या. एकटा माणूस काठावर उभा असतो तेव्हा "थांब" म्हणणारं शेजारी कुणी नसतं. म्हणून आमच्या मते हिशेबात एक-दोन दिवसांचं खाणं जास्तीचं धरायलाच हवं. खाणं संपत आलं की घाई होते, आणि ओढा घाईत ओलांडला जातो.

तिसरी तयारी घरची. डोंगरात फोन लागत नाही. उपग्रहावरून छोटे निरोप पाठवणारं यंत्र मिळतं, ते निघण्यापूर्वी घरच्यांना निरोप पाठवून तपासावं. मुलाकडून एक कागद लिहून घ्या: कोणत्या तारखेला निघणार, कुठून बाहेर पडणार, तंबूचा रंग कोणता, निरोप थांबला तर किती तासांनी कुणाला फोन करायचा. बॅटरी संपूनही निरोप थांबतो, तेव्हा ही मुदत दोघांनी आधीच ठरवावी. त्या भागाच्या शेरीफचा आणि नॅशनल पार्कचा नंबर त्याच कागदावर हवा, आणि कागद अब्बांच्या कपाटात न ठेवता फ्रिजवर चिकटवावा, जिथे घरातल्या सगळ्यांना दिसेल.