खोक्यातून निघालेली बग्गी किती वेगाने धावते?

जपानच्या शिझुओका शहरातल्या तामिया कंपनीने 1984 साली रिमोटवर चालणाऱ्या दोन बग्ग्या बाजारात आणल्या. एक ग्रासहॉपर, दुसरी हॉर्नेट. दोन्ही 1:10 प्रमाणातल्या, दोन्हींचा प्लास्टिकचा सांगाडा जवळपास एकच आणि दोन्हींत मोटर फक्त मागची चाकं फिरवायची. हॉर्नेटचं कवच पातळ पॉलिकार्बोनेटचं होतं आणि तिच्या मागच्या शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये तेल होतं. ग्रासहॉपरचं कवच कडक प्लास्टिकचं, शॉक साधे स्प्रिंगचे. पण मोठा फरक मोटरचा होता. ग्रासहॉपरमध्ये 380, हॉर्नेटमध्ये 540.

कोणतीही सुधारणा न करता, खोक्यातून निघाल्या तशा या दोघी पळवल्या तर कोण पुढे जाईल? उत्तर सोपं आहे, हॉर्नेट. कितीने पुढे जाईल आणि का, हे सांगणं मात्र सोपं नाही. बग्ग्यांच्या वेगाच्या तुलनेत जो घोळ होतो, त्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं.

मोटर काय करते

380 मोटरचा व्यास सुमारे 28 मिलिमीटर आणि लांबी 38. 540 चा व्यास 36 आणि लांबी 50. म्हणजे 540 चं आकारमान दुपटीहून जास्त भरतं. तिच्यात तांबं जास्त, चुंबक मोठे आणि उष्णता सोसण्याची ताकदही अधिक. नुसती हवेत फिरवली तर छोटी मोटरही भरपूर फेरे घेते. मात्र गाडीचं वजन, टायरचं घर्षण आणि समोरची हवा यांचं ओझं पडलं की तिचे फेरे झपाट्याने घसरतात. मोठ्या मोटरचे फेरे त्याच ओझ्याखाली टिकून राहतात. म्हणून वेगाचा निकाल ओझ्याखाली उरलेल्या फेऱ्यांवर लागतो.

हिशेब कसा मांडायचा, ते उदाहरणाने पाहू. 7.2 व्होल्टवर मोटर मिनिटाला 15,000 फेरे घेते, गिअर ते आठपट कमी करतात आणि मागच्या टायरचा व्यास 85 मिलिमीटर आहे, असं धरू. चाक मिनिटाला 1,875 वेळा फिरेल. टायरचा परीघ सुमारे 267 मिलिमीटर, म्हणजे गाडी मिनिटाला जवळपास 500 मीटर जाईल. ताशी वेग झाला 30 किलोमीटर. हा कागदावरचा वेग. मैदानावर त्यातून ओझ्याची वजावट होते. गिअरचं छोटं दंतचक्र, म्हणजे पिनियन, दोन दात मोठं बसवलं किंवा टायर बदलले, की सगळा हिशेब बदलतो. अशी गाडी ‘खोक्यातली’ राहत नाही.

बॅटरीचा हात

त्या काळच्या बग्ग्या निकेल-कॅडमियमच्या सहा सेलांवर चालत. प्रत्येक सेल 1.2 व्होल्टचा, म्हणून पॅक 7.2 व्होल्टचा. आज दोन सेलांचा लिथियम पॉलिमर पॅक वापरतात. त्याच्यावर 7.4 व्होल्ट छापलेलं असतं, पण पूर्ण चार्ज झाल्यावर तो 8.4 व्होल्ट देतो. मोटरचे फेरे व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतात. 8.4 वरून 7.4 वर येताना व्होल्टेज सुमारे 12 टक्के उतरतं. ताज्या चार्जवर ताशी 50 किलोमीटर धावणारी गाडी त्याच हिशेबाने 44 वर येते. दोन मित्रांनी एकसारख्या गाड्या आणल्या, एकाने नुकती चार्ज केलेली आणि दुसऱ्याने दहा मिनिटं पळवलेली, तर त्यांच्या शर्यतीत तुलना होते ती बॅटऱ्यांची.

जाहिरातीतला आकडाही असाच तपासून घ्यावा लागतो. अमेरिकेतल्या टेक्सास राज्यातली ट्रॅक्सस कंपनी बँडिट नावाची बग्गी बनवते. ब्रश असलेल्या साध्या मोटरच्या बँडिटसाठी कंपनी ताशी 35 मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे 56 किलोमीटर वेग सांगते. ब्रशलेस मोटरच्या बँडिटसाठी 70 मैलांहून अधिक, म्हणजे सुमारे 112 किलोमीटर. हा दुसरा आकडा तीन सेलांच्या लिथियम पॅकवरचा आणि सोबत दिलेले वेगाचे गिअर बसवल्यानंतरचा आहे. कंपनी ते लपवत नाही, पण ऐकणाऱ्याच्या लक्षात फक्त 70 राहतो.

वेग दुप्पट करायला किती ताकद लागते, हेही इथेच समजतं. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो आणि त्याच्यावर मात करायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने. 56 वरून 112 वर जायचं तर नुसत्या हवेसाठी आठपट शक्ती हवी. वेगाच्या वरच्या टोकाला प्रत्येक वाढीव किलोमीटर महाग पडतो, तो यामुळे.

दहाने गुणण्याची चूक

गाडी दहापट लहान आहे, म्हणून तिचा ताशी 30 किलोमीटर वेग खऱ्या गाडीच्या 300 सारखा, असं सर्रास सांगितलं जातं. गुरुत्वाकर्षण हे मान्य करत नाही. एक मीटर उंचीवरून पडायला सुमारे 0.45 सेकंद लागतात, दहा सेंटीमीटरवरून 0.14. उंची दहापट कमी झाली तरी वेळ फक्त 3.16 पट कमी झाला, कारण इथे दहाचं वर्गमूळ लागू होतं. उडी मारणं, आपटणं, खड्ड्यातून उसळणं या बाबतीत छोट्या बग्गीचे 30 किलोमीटर मोठ्या बग्गीच्या सुमारे 95 शी जुळतात. खडबडीत जमिनीवर ताशी 95 हासुद्धा धडकी भरवणारा वेग आहे. त्याला 300 ची झूल चढवायची गरज नाही.

बग्गी कशासाठी जन्मली

मोठ्या बग्गीचा इतिहास पाहिला की छोट्या बग्गीला काय विचारायचं ते कळतं. कॅलिफोर्नियात ब्रूस मायर्स यांनी 1964 मध्ये फोक्सवॅगन बीटलच्या सुट्या भागांवर फायबरग्लासचं कवच चढवून मायर्स मँक्स ही बग्गी बनवली. 1967 मध्ये मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पात पहिली मेक्सिकन 1000 शर्यत झाली. मँक्स घेऊन विक विल्सन आणि टेड मँगल्स यांनी ती 27 तास 38 मिनिटांत जिंकली. सपाट रस्त्यावर मँक्सला मागे टाकतील अशा गाड्या तेव्हा पुष्कळ होत्या. बाहाच्या दगडधोंड्यांतून आणि वाळूतून वेग टिकवणं, हे तिचं काम होतं.

1985 मध्ये कॅलिफोर्नियातल्या डेल मार इथे 1:10 बग्ग्यांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. दोन चाकांना जोर असलेल्या गटात जे हॅल्सी जिंकले, ते असोसिएटेड कंपनीच्या आरसी 10 वर. तिच्या चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन आणि तेलाचे शॉक होते. हॉर्नेटचा मागचा गिअरबॉक्स आणि दोन्ही मागची चाकं एकत्र वरखाली होतात. एक चाक दगडावर चढलं की त्याचा धक्का दुसऱ्यालाही बसतो. हवेत उचललेलं चाक कितीही जोरात फिरलं तरी गाडीला पुढे नेत नाही.

शर्यती भरवणाऱ्या संस्थांनी तुलनेचा प्रश्न नियमांनी सोडवला. अमेरिकेतल्या ‘रोअर’ या संघटनेच्या स्टॉक गटात दोन चाकांना जोर असलेल्या बग्गीला 17.5 वेढ्यांची ब्रशलेस मोटर आणि दोन सेलांचा पॅक असं बंधन असतं. स्पीड कंट्रोलरमधून मोटरला जादा वेग मिळू नये म्हणून ती सोय बंद ठेवतात आणि बंद असल्याची खूण म्हणून त्याचा दिवा लुकलुकत राहतो. ताकद अशी बांधून टाकल्यावर फरक उरतो तो चालवणाऱ्याच्या हाताचा आणि गाडीच्या जुळणीचा.

स्वतः मोजा

घरी बग्गी असेल तर तिचा वेग मोजायला महागडं यंत्र लागत नाही. सपाट मैदानावर 20 मीटर अंतरावर चुन्याच्या दोन आडव्या रेघा मारा. पहिल्या रेघेपर्यंत गाडीला पूर्ण वेग घेऊ द्या. ताशी 40 किलोमीटरने हे अंतर 1.8 सेकंदांत संपतं. हाताने स्टॉपवॉच दाबताना 0.2 सेकंदाची चूक झाली, तरी उत्तर 36 पासून 45 पर्यंत कुठेही येतं. त्यामुळे मोबाइलवर सेकंदाला 60 चित्रांचा व्हिडिओ घ्या आणि पुढचं चाक एका रेघेपासून दुसरीपर्यंत पोचायला किती चित्रं लागतात ते मोजा. 1.8 सेकंदांची 108 चित्रं होतात, एकाची चूक झाली तरी फरक एका टक्क्याच्या आत राहतो. वारा आणि उतार यांचा परिणाम काढायला तेच अंतर उलट दिशेनेही पळवा आणि दोन्ही वेगांची सरासरी घ्या. प्रत्येक गाडीला पूर्ण चार्ज केलेली, एकाच जातीची बॅटरी द्या. रहदारीच्या रस्त्यावर हा प्रयोग करू नका.

सरळ रेषेतला आकडा मिळाल्यावर तिथेच थांबू नका. त्याच गाड्यांना खाचखळग्यांच्या मातीत एक फेरी मारायला लावा आणि तिचाही वेळ लिहून ठेवा. आकडा सांगताना बॅटरी, गिअर, टायर आणि जमीन या चार गोष्टी त्याच्यासोबत सांगा. दोन बग्ग्यांपैकी एकच निवडायची असेल, तर माझा कौल मातीतली फेरी कमी वेळात पूर्ण करणाऱ्या बग्गीला आहे.