लोहकिसाची भिंत

पायाखालचं पाणी : भाग सातवा

गेल्या भागात आपण पंप चालू ठेवून थांबलो होतो. दूषित भूजल वर उपसायचं, गाळायचं, स्वच्छ करून सोडून द्यायचं. पहिली दोन-तीन वर्षं आकडे झरझर उतरतात, मग उतार मंदावतो आणि आलेखाची रेषा आडवी होते. खर्चाला कंटाळून पंप बंद केला, की थोड्याच काळात विहिरीतलं विष पुन्हा डोकं वर काढतं. असं का होतं ते आधी पाहू. आजच्या युक्तीचं मूळ तिथेच आहे.

आमटी खारट झाली की तिच्यात बटाट्याच्या फोडी टाकायची आपल्याकडे पद्धत आहे. शिजता शिजता फोडी खारट पाणी पितात. आता त्याच फोडी काढून साध्या पाण्याच्या पातेल्यात सोडा. ते पाणी हळूहळू खारट होईल. पाणी बदला, पुन्हा होईल. जमिनीखालच्या वाळूच्या थरांत चिकणमातीचे पट्टे असतात, त्या या फोडी. कारखान्याखालून वीस-तीस वर्षं विषारी पाणी वाहत असतं, तेव्हा चिकणमाती ते गुपचूप पीत राहते. पंप ओढतो ते वाळूतलं पाणी. चिकणमातीतल्या पाण्याला तो फारसं हलवू शकत नाही. वाळू स्वच्छ झाली, की चिकणमाती प्यालेलं परत देऊ लागते, आणि तिचा हात देताना घेण्यापेक्षाही आखडता असतो.

१९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने पंप लावलेल्या ७७ ठिकाणांचा आढावा घेतला. स्वच्छतेचं ठरवलेलं लक्ष्य गाठलेली ठिकाणं निघाली ८. बाकीच्या ठिकाणचे पंप अगदीच वाया गेले असं नाही. विष पुढे पसरायचं ते अडवून धरत होते. पण अडवून धरायचं तर पंप रात्रंदिवस चालू हवा, आणि वीजबिल भरणारं कुणीतरी पुढची पन्नास वर्षं हजर हवं.

आजच्या युक्तीत पंप नाही. तिची सुरुवात एका कटकटीतून झाली.

भूजलाचा नमुना घ्यायला विहिरीत जी नळी सोडतात, ती कशाची असावी? प्लास्टिकची असेल तर ती रसायनं शोषून घेते आणि नमुना खोटा ठरतो. १९८०च्या दशकात कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात रेनॉल्ड्स नावाचा विद्यार्थी हेच तपासत होता. क्लोरिनयुक्त द्रावकांच्या पाण्यात निरनिराळे पदार्थ ठेवायचे आणि कोण किती शोषतं ते मोजायचं. प्लास्टिकने अपेक्षेप्रमाणे शोषलं. धातू काही शोषणार नाहीत असं वाटत होतं, पण काही धातूंच्या संगतीत द्रावक कमी होत गेलं, आणि ते शोषल्यासारखं दिसत नव्हतं. ते नाहीसं होत होतं. नमुने घेणाऱ्यासाठी ही डोकेदुखीच. काही वर्षांनी प्राध्यापक रॉबर्ट गिलहॅम यांनी तीच नोंद उलट्या बाजूने वाचली. नमुन्याच्या नळीत जे नको, ते जमिनीत मुद्दाम पुरलं तर?

पुरायला जागाही तयार होती. टोरोंटोच्या वायव्येला बॉर्डन इथे एक लष्करी तळ आहे. त्याच्याखालच्या वाळूत वॉटर्लूची मंडळी आधीपासून प्रयोग करत होती. त्या वाळूतून पाणी दिवसाला साधारण ९ सेंटिमीटर सरकतं, हे त्यांना पक्कं माहीत होतं. १९९१ मध्ये गिलहॅम आणि स्टेफनी ओहॅनेसिन यांनी तिथे दोन द्रावकं जमिनीखाली ठेवली. एक ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे यंत्रांच्या सुट्या भागांवरचं ग्रीस काढणारं. दुसरं परक्लोरोइथिलीन, ड्रायक्लीनिंगवाल्यांचं. दोन्ही पाण्याहून जड, त्यामुळे गळाली की थेट खाली बुडणारी. त्यांच्या वाटेत आडवा खड्डा घेऊन त्यात २२ टक्के लोखंडाचा कीस आणि ७८ टक्के बांधकामाची जाड वाळू मिसळून भरली आणि वरून माती लोटून दिली. पुढची पाच वर्षं अलीकडचे आणि पलीकडचे नमुने घेत राहिले. भिंत ओलांडताना ट्रायक्लोरोइथिलीन ९० टक्के कमी झालं होतं, परक्लोरोइथिलीन ८६ टक्के. या सगळ्या काळात ना वीज लागली, ना कुणाला काही उपसावं लागलं. पाणी आपल्या पायांनी आलं आणि आपल्या पायांनी गेलं.

भिंत म्हटलं की पाणी अडवणारं काहीतरी डोळ्यांसमोर येतं. ही भिंत आजूबाजूच्या वाळूपेक्षा जास्त पाझरणारी ठेवावी लागते, नाहीतर पाणी वळसा घालून निघून जाईल. बंधारा नव्हे, गाळणी. आणि तीही अशी, की जाळीवर काही अडकून बसत नाही. जे येतं ते तिच्या आतच मोडतं.

मोडतं कसं? आपण ज्याला गंज म्हणतो, त्याच्याच जोरावर. लोखंड गंजतं म्हणजे ते इलेक्ट्रॉन देऊन टाकतं. उघड्यावर ते घ्यायला ऑक्सिजन टपलेला असतो. भूजलात ऑक्सिजन मुळात थोडा, आणि जो असतो तो भिंतीच्या पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच संपतो. पुढे लोखंड आहे, देण्याची तयारी आहे, पण घेणारा नाही. अशा वेळी ट्रायक्लोरोइथिलीनच्या रेणूवर बसलेले क्लोरिनचे तीन अणू पुढे होतात. इलेक्ट्रॉन मिळाले की क्लोरिन रेणू सोडून साध्या क्लोराइडच्या रूपात पाण्यात जातो, म्हणजे मिठात असतो तोच. मागे उरतो इथिलीन. आंब्याच्या आढीत फळं पिकवणारा वायू तो हाच. ज्या रेणूमुळे माणसाला कर्करोग होऊ शकतो, त्याचा शेवट असा घरगुती होतो.

हा कीस काही प्रयोगशाळेत घडवलेला महागडा पदार्थ नव्हे. बिडाच्या कढईचं जे बीड, त्याचे सुटे भाग लेथवर किंवा बोरिंग मशीनवर कातले की खाली जो भुगा पडतो, तो. आपल्याकडे भंगाराच्या बाजारात त्याला सीआय बोरिंग म्हणतात आणि तो किलोवर विकला जातो. भिंतीसाठी त्यावरचं कटिंग ऑइल भट्टीत जाळून काढावं लागतं, दाणे चाळून एकसारखे करावे लागतात. एवढं केलं की भंगाराचं औषध होतं.

अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यात एलिझाबेथ सिटी इथे तटरक्षक दलाचा तळ आहे. तिथल्या विमानांच्या हँगरमध्ये तीसेक वर्षं क्रोमप्लेटिंगचं दुकान चाललं. १९८८ मध्ये कळलं, की फरशीतल्या एका भोकातून प्लेटिंगचं द्रावण खालच्या मातीत झिरपत गेलंय आणि आता नदीकडे निघालंय. पाण्यात दोन विषं होती, ट्रायक्लोरोइथिलीन आणि षट्संयुजी क्रोमियम. दुसऱ्याचा रंग रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत गेलेल्यांना आठवेल. पोटॅशियम डायक्रोमेटची केशरी बाटली म्हणजे तोच. पाण्यात तो पिवळा दिसतो, सहज विरघळतो, लांबवर वाहतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

जून १९९६ मध्ये तिथे भिंत घातली गेली. लांबी ४६ मीटर, खोली ७.३ मीटर, जाडी ०.६ मीटर. साखळीच्या करवतीसारखं यंत्र पुढे सरकत चर कापत होतं आणि मागच्या मागे त्यात कीस ओतला जात होता. आख्खी भिंत सहा तासांत जमिनीत गेली. क्रोमियमचं काम भिंतीच्या पहिल्या वितीतच आटोपतं. लोखंडाकडून इलेक्ट्रॉन मिळाले की षट्संयुजी क्रोमियम त्रिसंयुजी होतं, पिवळ्याचं हिरवं होतं, आणि हे हिरवं पाण्यात जवळपास विरघळत नाही. ते लोखंडाच्या दाण्यांवर बसून राहतं. इथे एक फरक लक्षात ठेवायचा: द्रावक मोडतं, क्रोमियम मोडत नाही. धातूचा नाश करता येत नाही, त्याला फक्त बसतं करता येतं. पंधरा वर्षांनी पाहणी झाली तेव्हाही भिंत काम करत होती.

भिंत किती जाड हवी, याचं गणित पाटीवर मांडता येतं. समजा पाण्यात लिटरमागे २००० मायक्रोग्रॅम ट्रायक्लोरोइथिलीन आहे आणि अमेरिकेच्या मानकाप्रमाणे ते ५ वर आणायचंय. दर वेळी निम्मं करत गेलं तर १०००, ५००, २५०, असं नवव्या खेपेला ४ च्या आत येतं. एकदा निम्मं व्हायला सहा तास धरले, तर नऊ खेपांना ५४ तास. बॉर्डनच्या वेगाने, दिवसाला ९ सेंटिमीटरने, पाणी ६० सेंटिमीटरच्या भिंतीत साडेसहा दिवस राहील. भरपूर झालं, असं वाटेल. पण मोडताना मधल्या टप्प्यावर थोडं व्हिनाइल क्लोराइड तयार होऊ शकतं, आणि ते मूळ विषाहून वाईट. त्यालाही संपायला वेळ द्यावा लागतो. बारीक भिंत म्हणजे अर्धवट शिजवून ताटात वाढणं.

औषधाला मर्यादाही आहेत. पेट्रोल, डिझेल या भिंतीला दाद देत नाहीत; त्यांच्यात क्लोरिनच नाही. लोखंड पाण्याला अल्कधर्मी करतं, त्यामुळे कठीण पाण्यातला चुना दाण्यांवर साका धरतो आणि वर्षानुवर्षं फटी बुजत जातात. आणि विषाचा उगम, म्हणजे वर पडलेला ढीग किंवा फुटकी टाकी, भिंत काढत नाही. ती फक्त वाहून येणाऱ्याला गाठते.

आपल्याकडे ही भिंत चालेल का, याचं उत्तर जमिनीच्या जातीत आहे. कानपूर देहात जिल्ह्यातल्या रनियात क्रोमियमच्या ढिगांमुळे हातपंपांना पिवळट पाणी आलं. तिथे खाली गंगेचा गाळ आहे. चर खणता येतो, पाणी पुरेसं सरळ चालतं. तमिळनाडूतल्या रानीपेटला बंद पडलेल्या कारखान्याच्या आवारात क्रोमियमचा दीड लाख टनांहून अधिक कचरा साठला, पण तिथे खाली कठीण खडक. महाराष्ट्राचा तर सुमारे ८१ टक्के भाग बेसाल्टचा. वर मुरूम, खाली काळा पाषाण, आणि पाणी जाणार भेगांतून. बांधाच्या अलीकडची विहीर भरलेली आणि पलीकडची कोरडी, हा अनुभव आपल्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. अशा ठिकाणी ४६ मीटरची सरळ भिंत घातली, तरी पाणी कुठल्या भेगेतून निसटेल याचा भरवसा नाही. तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यात निदान विचार करता येईल.

म्हणजे भिंतीआधी पाण्याची वाट कळायला हवी. त्याची पहिली पायरी सोपी आहे. एका सरळ रेषेत नसलेल्या तीन विहिरी घ्या, तिन्हींतल्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून मोजा, नकाशावर लिहा. सारख्या उंचीची रेषा काढली की तिला काटकोनात, उताराच्या बाजूला, पाणी वाहतं. राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते, ते काहीसं याच कारणासाठी उपयोगी. एकदा मोजून भागत नाही, कारण पावसाळ्यात वाहण्याची दिशा आणि खोली दोन्ही बदलू शकतात.

हे एलिझाबेथ सिटीलाही चुकलं नाही. भिंतीच्या एका भागात द्रावकाचे आकडे अपेक्षेइतके उतरेनात. लोखंड ठीक होतं, जाडी ठीक होती. अभ्यासकांनी बांधलेला एक कयास असा: शेजारचं काँक्रीटचं वाहनतळ उखडून तिथे हिरवळ लावली होती. काँक्रीटवरून वाहून जाणारं पावसाचं पाणी आता गवतातून मुरायला लागलं, आणि वरून मुरणाऱ्या स्वच्छ पाण्याने दूषित पाण्याचा लोट खाली दाबला. लोट थोडा खोल गेला.

त्यामुळे अशा कामाची कागदपत्रं हातात आली की मी आधी शेवटची पानं उघडतो: निरीक्षण विहिरी किती, त्या भिंतीच्या तळापेक्षा खोल जातात का, आणि त्यांचं पाणी किती वर्षं मोजणार. लोखंडाचा भाव नंतर.

(पुढच्या भागात : क्लोरिनयुक्त द्रावकांवर जगणारे जिवाणू, आणि त्यांना जमिनीखाली जेवण कसं पोचवतात.)