लहान दुर्बिणीतून मृग नक्षत्र

मृग म्हटला की आपल्याला पाऊस आठवतो. ७ जूनच्या सुमारास सूर्य मृग नक्षत्रात प्रवेश करतो आणि शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसतो. परंतु ज्या दिवसांत मृगाचे नाव सर्वांच्या तोंडी असते, त्याच दिवसांत ते नक्षत्र सूर्याच्या तेजात बुडून गेलेले असते. त्याचे दर्शन घ्यावयाचे तर जानेवारी-फेब्रुवारीतील रात्री आठ-नऊची वेळ उत्तम.

चार कोपऱ्यांवरील चार ठळक तारे हे मृगाचे पाय आणि मधले एका ओळीतील तीन तारे हा त्याच्या पोटात रुतलेला बाण. ती ओळ आग्नेयेकडे वाढविली की तेजस्वी व्याध भेटतो. वसंतसंपात एके काळी याच नक्षत्रात होता, या आधारावर लोकमान्य टिळकांनी १८९३ मध्ये ‘ओरायन’ ग्रंथात वेदांचा काळ ठरविण्याचा यत्न केला. दुर्बीण याच मृगात आणखी एक काळ दाखविते. तो म्हणजे ताऱ्यांच्या आयुष्याचा.

त्यासाठी सहा-सात सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण पुरते. अमावास्येच्या जवळची रात्र निवडावी, अंगणातील दिवे मालवावेत आणि डोळ्यांना वीस मिनिटे अंधाराची सवय होऊ द्यावी. आरंभी तीस-चाळीस पटच मोठे दाखविणारे नेत्रभिंग लावावे.

बाणाच्या खाली तीन मंद ताऱ्यांची लहानशी ओळ आहे. तिच्यातील मधला तारा नुसत्या डोळ्यांना किंचित धुरकट वाटतो. दुर्बिणीत तेथे पंख पसरलेल्या पाखरासारखा करडा-हिरवट उजेड दिसतो आणि त्याच्या गाभ्यात चार तारे लहानसा चौकोन करून बसलेले आढळतात. हा मृगातील तेजोमेघ. छायाचित्रांतील लाल रंग येथे दिसत नाही, कारण इतक्या मंद प्रकाशात आपल्या डोळ्यांना रंग नीट ओळखता येत नाहीत. नजर मेघाच्या किंचित बाजूला ठेवली, तर पंख अधिक दूरवर पसरलेले दिसतात.

पाहण्यालाही अभ्यास लागतो. गॅलिलिओने १६१० मध्ये या भागातील ऐंशी नवे तारे नोंदविले. तेजोमेघाचा मात्र त्याने उल्लेख केला नाही. पुढे १६५६ मध्ये हायगेन्सने त्याचे चित्र रेखाटले.

हा मेघ मुख्यतः हायड्रोजन वायूचा आहे. त्यातून तारे जन्मतात, आणि त्या चौकोनातील तप्त ताऱ्यांच्या अतिनील किरणांनी तो उजळतो. या ताऱ्यांचे वय दहा लाख वर्षांच्या आसपास, म्हणजे ताऱ्यांच्या हिशेबाने ती तान्ही बाळेच. मेघ सुमारे १,३०० प्रकाशवर्षे दूर आहे. आज आपल्या डोळ्यांत शिरणारा त्याचा प्रकाश निघाला, तेव्हा बदामीला चालुक्यांची सत्ता होती.

आता दुर्बीण ईशान्येकडील तांबूस काक्षीकडे वळवावी. हा तारा इतका फुगलेला आहे की सूर्याच्या जागी ठेवल्यास मंगळाची कक्षाही त्याच्या पोटात जाईल. २०१९ च्या अखेरीस तो मंदावू लागला आणि फेब्रुवारी २०२० पर्यंत बराच निस्तेज झाला. त्याने बाहेर टाकलेल्या द्रव्याची धूळ आड आली होती. त्याचे वय सुमारे एक कोटी वर्षे, तर आपल्या सूर्याचे ४६० कोटी. तरीही वृद्ध आहे तो काक्षी, आणि सूर्य अजून मध्यमवयीन. जितका तारा मोठा, तितके त्याचे इंधन लवकर सरते.

जन्म आणि वार्धक्य असे एकाच नक्षत्रात शेजारी पाहावयास मिळते. मात्र रस्त्यावरील दिव्यांच्या झगमगाटात मेघाचे पंख प्रथम नाहीसे होतात आणि उरतो तो केवळ गाभा. म्हणून जमेल तेव्हा मुलांना घेऊन गावाबाहेरच्या माळावर जावे. प्रत्येकाने दिसेल तेवढेच कागदावर रेखाटावे, आणि पुढच्या अमावास्येला ते चित्र पुन्हा आकाशाशी ताडून पाहावे.