शुल्क माफ झाले तरी खर्च उरतोच
विद्यापीठातील शिष्यवृत्त्या आणि शिक्षणाचा खरा खर्च

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की मराठवाड्यातील हजारो घरांत एकच हिशेब सुरू होतो. मुलाला किंवा मुलीला छत्रपती संभाजीनगरला शिकायला पाठवायचे, तर खर्च किती येईल? या प्रश्नाचे उत्तर बहुधा दोन शब्दांत दिले जाते: 'शिष्यवृत्ती आहे.' पण शिष्यवृत्ती आहे म्हणजे नेमके काय आहे, ती कोणता खर्च भागवते, कोणता भागवत नाही आणि तिचे पैसे कधी हाती पडतात, याची विचारपूस प्रवेशापूर्वी क्वचितच होते. परिणामी, शुल्क माफ होऊनही पहिल्या वर्षाच्या मध्यावरच काही विद्यार्थ्यांना गावी परतावे लागते. हे टाळायचे असेल, तर सरकारी विद्यापीठातील शिक्षणाचा खर्च नीट उलगडून पाहायला हवा.

मराठवाड्यात विद्यापीठ नव्हते, तेव्हा येथील महाविद्यालये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाशी जोडलेली होती. २३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि उच्च शिक्षण या भागाच्या जवळ आले. १४ जानेवारी १९९४ रोजी त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव मिळाले. आज छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड आणि धाराशिव हे चार जिल्हे त्याच्या कार्यक्षेत्रात येतात. कोरडवाहू शेतकरी, ऊसतोड कामगार आणि शेतमजूर यांची मुले येथे मोठ्या संख्येने शिकतात. त्यामुळे शिष्यवृत्तीचा प्रश्न येथे अनेकांसाठी शिक्षण चालू ठेवण्याचा किंवा सोडून देण्याचा प्रश्न असतो.

एकाच छताखाली दोन शुल्कतक्ते

विद्यापीठ सरकारी म्हणजे शुल्क कमी, ही समजूत अर्धीच खरी आहे. अनुदानित महाविद्यालयांत शिक्षकांचा पगार राज्य सरकार देते, म्हणून तेथील शिक्षण शुल्क कमी असते. परंतु त्याच महाविद्यालयात विनाअनुदानित तुकड्या असतात आणि स्वयंअर्थसहाय्यित अभ्यासक्रमही चालतात. त्यांचा पगार व इतर खर्च मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कातून निघतो. इमारत एक, प्रयोगशाळा एक, पदवी देणारे विद्यापीठही एकच. शुल्कात मात्र मोठी तफावत असू शकते. म्हणून प्रवेश अर्जावर केवळ अभ्यासक्रमाचे नाव पाहून भागत नाही. तुकडी अनुदानित आहे की नाही, हे कार्यालयात स्पष्ट विचारून घ्यावे लागते.

दुसरी गोष्ट शुल्काच्या पावतीची. पावतीवरील एकूण रकमेत अनेक बाबी असतात: शिक्षण शुल्क, परीक्षा शुल्क, ग्रंथालय, प्रयोगशाळा, जिमखाना, नोंदणी, ओळखपत्र आणि अनामत. शुल्कमाफीच्या बहुतेक योजना यांतील शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क देतात. केंद्राच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत परत न मिळणारे सक्तीचे शुल्क येते. अनामत रक्कम कोणतीच योजना देत नाही, कारण ती परत मिळायची असते. ती परत मागण्यासाठी पावती जपून ठेवावी लागते. अनेक विद्यार्थी ती मागतच नाहीत.

कोणासाठी कोणती योजना

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सर्वांत जुनी. तिची सुरुवात १९४४ साली झाली. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने तिची फेररचना केली. तेव्हापासून खर्चाचा ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा ठरला. २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये आहे. उत्पन्न त्याहून अधिक असेल, तर राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क प्रतिपूर्ती योजना, म्हणजे विद्यार्थ्यांच्या बोलण्यातील 'फ्रीशिप', लागू होते. तीत निर्वाह भत्ता नसतो. इतर मागासवर्ग, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गासाठी स्वतंत्र योजना आहेत. खुल्या प्रवर्गातील आर्थिकदृष्ट्या दुर्बल विद्यार्थ्यांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. तिची उत्पन्नमर्यादा आठ लाख रुपये असून तीत साधारणपणे निम्मे शुल्क मिळते.

मुलींच्या शुल्कमाफीबाबतचा गैरसमजही येथेच दूर करायला हवा. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्गातील मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्काची शंभर टक्के सवलत मिळाली. परंतु ती आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना आणि केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेतल्यास लागू होते. 'मुलींचे शिक्षण मोफत' हे वाक्य ऐकून बीए किंवा बीएस्सीला प्रवेश घेणाऱ्या मुलीने ही अट आधी तपासावी. शिवाय ही माफी शुल्काची आहे. खोलीभाडे आणि जेवण तीत येत नाही.

दिवसाला वीस रुपये

खरा खर्च येथून पुढे सुरू होतो. बीड किंवा धाराशिव जिल्ह्यातील खेड्यातून आलेल्या विद्यार्थ्याला राहायला जागा लागते. शासकीय व विद्यापीठाच्या वसतिगृहांतील जागा मर्यादित असतात. त्या न मिळाल्यास बेगमपुरा, पहाडसिंगपुरा यांसारख्या विद्यापीठालगतच्या वस्त्यांत चार-पाच जण मिळून खोली घेतात किंवा कॉटबेसिसवर राहतात. खोलीची अनामत, भाडे, मेस किंवा डबा, शहरातला प्रवास, औरंगपुऱ्यातून आणायची पुस्तके, झेरॉक्स, मोबाइलचे रिचार्ज, गावी जाण्या-येण्याचे एसटीचे तिकीट या साऱ्यांची पावती महाविद्यालय देत नाही. वर्षाअखेरीस बेरीज केली, तर अनुदानित अभ्यासक्रमाच्या शुल्काहून ही रक्कम मोठी भरते.

यासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत भत्ता आहे. तो किती, हे पाहण्यासारखे आहे. फेररचनेनंतर व्यावसायिक पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या पहिल्या गटात वसतिगृहात राहणाऱ्याला वर्षाला १३,५०० आणि इतरांना ७,००० रुपये ठरले. बीए, बीकॉम, बीएस्सी, एमए यांसारख्या अभ्यासक्रमांच्या तिसऱ्या गटात हेच आकडे ६,००० आणि ३,००० आहेत. शैक्षणिक वर्ष दहा महिन्यांचे धरले, तर सहा हजारांचे महिन्याला सहाशे, म्हणजे दिवसाला वीस रुपये होतात. वसतिगृहाचा दाखला नसेल, तर दर तीन हजारांचा, म्हणजे दिवसाला दहा रुपये. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या विद्यार्थ्याचा खर्च वसतिगृहातील विद्यार्थ्याहून अधिक असतो. दाखल्याअभावी भत्ता मात्र त्यालाच कमी मिळतो.

ही उणीव ओळखूनच राज्य सरकारने जानेवारी २०१७ मध्ये भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणली. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या खात्यात भोजन, निवास व निर्वाहासाठी थेट रक्कम जमा करणे, हे तिचे स्वरूप. मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांसाठी वर्षाला ६० हजार, तर छत्रपती संभाजीनगरसारख्या महसूल विभागाच्या शहरासाठी ५१ हजार रुपये ठरले. त्यांत भोजनाचे २८ हजार, निवासाचे १५ हजार आणि निर्वाहाचे ८ हजार. दहा महिन्यांच्या हिशेबाने भोजनाला महिन्याला २,८०० आणि निवासाला दीड हजार रुपये होतात. दोन वेळच्या जेवणासाठी दिवसाला साधारण ९३ रुपये, हे २०१७ सालचे गणित आहे. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आणि इतर मागासवर्ग व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना याच धर्तीवर आहेत.

या योजनांना गुणांची, ७५ टक्के उपस्थितीची आणि विद्यार्थी त्या शहरातला रहिवासी नसण्याची अट असते. सर्व योजनांच्या रकमांची बेरीज करून अंदाज बांधणेही धोक्याचे. एका योजनेतील निर्वाह भत्ता दुसरीतून वजा होऊ शकतो. समाजकल्याण कार्यालयात तसे विचारूनच हिशेब मांडावा.

पैसा येतो, पण केव्हा

शिष्यवृत्तीची रक्कम जितकी महत्त्वाची, तितकीच तिची वेळ. खोलीची अनामत जून-जुलैत द्यावी लागते, मेसचे पैसे दर महिन्याला आणि परीक्षा शुल्क सत्र संपण्यापूर्वी. शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र 'महाडीबीटी' संकेतस्थळावर भरला जातो, तो आधी महाविद्यालय तपासते, मग विभाग. अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत राज्याने आपला ४० टक्के वाटा दिल्यानंतर केंद्राचा ६० टक्के वाटा सुटतो. त्यामुळे एकाच वर्षाची रक्कम दोन वेगवेगळ्या वेळी येते आणि अनेकदा वर्ष संपत आल्यावर येते. मधल्या काळात घरातले दागिने गहाण पडतात किंवा सावकाराकडून उचल घेतली जाते. त्या उचलीचे व्याज हाही शिक्षणाचाच खर्च आहे. तो कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

यातूनच आणखी एक अडचण उद्भवते. पूर्वी शुल्काची रक्कम महाविद्यालयाकडे जात असे. काही संस्थांनी खोटे विद्यार्थी दाखवून रकमा उचलल्याच्या तक्रारींची चौकशी झाली आणि रक्कम थेट विद्यार्थ्याच्या खात्यात देण्याची पद्धत आली. हेतू योग्यच होता. पण खात्यात जमा झालेल्या रकमेत भत्ता असतो विद्यार्थ्याचा आणि शुल्क असते महाविद्यालयाचे. पेरणीच्या तोंडावर किंवा घरात आजारपण असताना पंधरा-वीस हजार रुपये जमा झाले, की ते सारे आपलेच समजून खर्च होतात. पुढे महाविद्यालय थकबाकी मागते, तेव्हा कुटुंब अडचणीत येते. म्हणून रक्कम जमा होताच ती कोणत्या बाबीची आहे, हे संकेतस्थळावर पाहावे आणि शुल्काचा भाग लगेच भरून पावती घ्यावी.

अर्ज रेंगाळण्याची कारणेही ठरलेली असतात. उत्पन्नाचा दाखला जुना असतो, आधार क्रमांक बँक खात्याशी जोडलेला नसतो, जात वैधता प्रमाणपत्र आलेले नसते किंवा मधल्या खंडाचे शपथपत्र राहून जाते. बीड जिल्ह्यात त्यात आणखी भर पडते. दिवाळीच्या सुमारास आई-वडील ऊसतोडीला बाहेर पडतात आणि वसंतातच परततात. दाखल्यावर सही हवी असते तेव्हा पालक शेकडो किलोमीटर दूर कोपीत असतात. अशा कुटुंबांनी तहसीलचे सर्व दाखले पावसाळ्यातच काढून ठेवणे हिताचे.

प्रवेशापूर्वी काय करावे

पहिले, शुल्काचा बाबनिहाय तक्ता लेखी मागावा आणि त्यातील कोणती बाब योजनेत येते, यावर खूण करावी. दुसरे, शिष्यवृत्तीला पात्र विद्यार्थ्याकडून प्रवेशाच्या वेळी पूर्ण शुल्क मागितले जात असेल, तर २०२१ च्या सूचनांतील फ्रीशिप कार्डाच्या तरतुदीकडे बोट दाखवावे. आगाऊ शुल्काविना प्रवेश मिळावा, यासाठीच ती आहे. तिसरे, मूळ प्रमाणपत्रे महाविद्यालयात ठेवून घेऊ देऊ नयेत. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार ती तपासून परत द्यायची असतात. प्रवेश रद्द केल्यास किती दिवसांत किती शुल्क परत मिळेल, हेही तीत नमूद आहे. चौथे, दुष्काळ जाहीर झाला असल्यास आपले गाव यादीत आहे का, ते पाहावे. २०१८ मध्ये राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला, तेव्हाच्या सवलतींत परीक्षा शुल्काची माफीही होती.

पैठण, फुलंब्री, खुलताबाद, गंगापूर या जवळच्या तालुक्यांतील विद्यार्थ्यांनी खोलीऐवजी एसटीच्या मासिक पासचा विचार करावा. विद्यार्थी पासावर ६६.६७ टक्के सवलत मिळते. धाराशिव परिसरातील विद्यार्थ्यांना तेथील विद्यापीठ उपपरिसरात इच्छित अभ्यासक्रम मिळत असेल, तर राहण्याचा खर्चच वाचू शकतो. विद्यापीठाच्या कमवा व शिका योजनेतून हातखर्चाला आधार मिळतो. तिच्यासाठी सत्राच्या सुरुवातीलाच विभागात नाव द्यावे. आणि सर्वांत महत्त्वाचे, शिष्यवृत्ती पहिले दहा महिने येणारच नाही, असे गृहीत धरून घरचा हिशेब मांडावा.

विद्यार्थ्यांनी एवढी दक्षता घेतली, तरी सारी जबाबदारी त्यांच्यावर टाकून चालणार नाही. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये या शहरात महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नागसेनवनात वर्गांच्या बरोबरीने वसतिगृहेही उभी राहिली. खेड्यातल्या गरीब मुलाला शिकवायचे तर त्याच्या राहण्या-जेवणाची सोय आधी हवी, ही जाण त्यामागे होती. सात दशकांनंतर शुल्कमाफीच्या योजना वाढल्या आहेत. वसतिगृहातील जागा आणि वेळेवर मिळणारा भत्ता यांची टंचाई मात्र कायम आहे. माफ झालेल्या शुल्काचे आकडे सरकारने जरूर सांगावेत. त्याबरोबरच भत्ता कोणत्या महिन्यात खात्यात पडला, हेही दरवर्षी जाहीर केले, तर शिकणाऱ्या मुलांची खरी स्थिती कळू शकेल.