भिंगासमोरचं दुसरं भिंग

दौंड तालुक्यात पाटसच्या पुढे रस्ता सोडून माळावर उतरलो, तेव्हा एप्रिलमधले सकाळचे साडेदहा वाजून गेले होते. साठेक पावलांवर धाविक होता. तांबूस छाती, डोळ्याच्या वरून मानेकडे गेलेली पांढरी रेघ. चार पावलं तुरुतुरु धावायचं, थबकायचं, वाकून किडा टिपायचा. पोटावर आडवा पडून मी दोनशे फोटो काढले. घरी येऊन पाहतो तर एकही धड नाही. पक्षी जणू पाण्याच्या तळाशी उभा होता. वाटेत लेन्स आपटली, आतलं भिंग सरकलं, या विचाराने पोटात गोळाच आला.

दुरुस्तीवाल्यांनी ती तपासून परत दिली. "लेन्स ठणठणीत आहे. फोटो किती वाजता काढलेत?"

बिघाड हवेत होता! डांबरी रस्त्यावरचं मृगजळ आपण सगळ्यांनीच पाहिलंय. तापलेल्या जमिनीलगतची हवा विरळ होते आणि तिच्यातून जाताना प्रकाश वाकतो. तापमान एका अंशाने बदललं तर हवेच्या अपवर्तनांकात जेमतेम दहा लाखांत एक एवढा फरक पडतो. पण ६०० मिलिमीटरच्या लेन्समागे २४ मेगापिक्सेलचा फुलफ्रेम सेन्सर असेल, तर शंभर मीटरवरचा फक्त एक मिलिमीटर एका पिक्सेलच्या वाट्याला येतो. तिथे एवढंसं वाकणंही पिसाची कड पुसून टाकायला पुरतं. उन्हात माळावरून गरम हवेचे लोट उठत असतात आणि त्यातला प्रत्येक लोट म्हणजे एक डुलतं, वेडंवाकडं भिंगच. चांदणी लुकलुकते तीही हवेच्या अशाच चाळ्यांमुळे. शटर कितीही वेगवान ठेवा, त्या क्षणाची वाकडी प्रतिमाच गोठून हाती येते. आणि पक्ष्याच्या नजरेला नजर भिडावी म्हणून मी पोटावर पडलो होतो, म्हणजे नेमका सर्वांत तापलेल्या थरातून पाहत होतो!

आता मी उजाडता उजाडता जातो आणि आठच्या आत आवरतं घेतो. आणखी जवळ सरकणं हा उपाय नव्हे. धाविक आणि माळटिटवी उघड्या जमिनीवरच अंडी घालतात, आणि ती खड्यांत अशी मिसळून जातात की कोपराखाली आली तरी कळायचं नाही.

खरं नुकसान झालं ते शिरूरकडे, घोड नदीच्या काठच्या नांगरटीत. झूमचं कडं फिरवताना करकर वाजू लागलं. झूम करताना जी लेन्स लांब होते, ती लोहाराच्या भात्यासारखी बाहेरची हवा आत ओढते, आणि हवेबरोबर धूळही. आपली काळी माती म्हणजे झिजलेला काळा पाषाण, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे ओतलेल्या लाव्हाचा. तिचे चिकणकण दोन मायक्रॉनहूनही बारीक असतात आणि कुठल्याही फटीतून शिरतात. सोबतचे भरड कण मात्र काचेवरच्या लेपाला ओरखडे काढतात. म्हणून काचेवरची धूळ आधी रबरी फुग्याच्या ब्लोअरने उडवून घ्यायची, फडकं त्यानंतर.

लेन्स उघडल्यावर कड्याखालून निघालेली चिमूटभर माती मी कागदाच्या पुडीत बांधून घरी आणली. बशीत टाकून तिच्यावर पाण्याचे दोन थेंब सोडले. ती पाणी प्यायली, हळूहळू फुगली आणि बोटाला चिकटली, पहिल्या पावसानंतर शेतात चपलेला चिकटते तशी.