डील पक्की, पण गाडी कोणाच्या नावावर?

नवी कोरी असो की सेकंड हॅण्ड, गाडी घेताना आपण भांडतो ते किमतीवरून. खरी घासाघीस मात्र कागदांवर व्हायला हवी. बाबांच्या जुन्या गाडीने दिलेला दणका आणि माझ्या पहिल्या गाडीची ही गोष्ट...

'एमएच १२ची वॅगन आर तुमचीच ना?' फोनवरून पोलीस स्टेशनमधल्या साहेबांनी विचारलं आणि बाबांनी सवयीने 'हो' म्हणून टाकलं. मग जीभ चावली. कारण ती गाडी त्यांनी २०२२च्या दिवाळीत विकली होती आणि हा फोन आला २०२४च्या जानेवारीत! आमच्या त्या 'माजी' गाडीने हडपसरला एका बाइकवाल्या मुलाला उडवलं होतं. त्याचा पाय मोडला होता. चालवणारा पळून गेला होता. आणि आरटीओच्या रेकॉर्डवर मालक कोण? तर आमचे बाबा. बँकेतून रिटायर झालेले, आयुष्यात कधी सिग्नलही न तोडलेले!

झालं होतं ते अगदी साधं. ओळखीच्या ओळखीतून एक एजंट आला, गाडीला चक्कर मारली, फॉर्म २९ आणि ३० वर बाबांच्या सह्या घेतल्या आणि रोख पैसे मोजून दिले. फॉर्मवर खरेदीदाराच्या नावाची जागा? कोरी! 'काका, निर्धास्त राहा, महिन्याभरात नाव बदलून जाईल,' असं सांगून तो गेला. त्याने गाडी एकाला विकली, त्या एकाने दुसऱ्याला. नाव बदलायचे कष्ट कोणीच घेतले नाहीत. इन्शुरन्सही मधल्या काळात संपून गेला होता.

'पण मी तर गाडी विकली होती!' असं बाबा वकिलांना दहा वेळा तरी म्हणाले असतील. वकिलांनी शांतपणे फेब्रुवारी २०१८चा सुप्रीम कोर्टाचा निकाल समोर ठेवला. त्या प्रकरणातही गाडी एकाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे अशी विकली गेली होती, पण नोंद पहिल्याच्याच नावावर राहिली होती. कोर्टाने सांगितलं, कायद्याच्या दृष्टीने मालक तोच, ज्याचं नाव नोंदणीत आहे. नुकसानभरपाईची जबाबदारीही त्याचीच.

नशीब एवढंच, की आईने त्या दिवशी एजंटकडून तारीख-वेळ टाकलेली डिलिव्हरी नोट आणि त्याच्या आधार कार्डाची झेरॉक्स मागून घेतली होती. त्यावरून पुढचे लोक सापडले. तरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणातली केस अजून चालू आहे. तारीख असली की बाबा इस्त्रीचा शर्ट घालून निघतात. घरात त्या दिवशी कोणी फारसं बोलत नाही.

त्यामुळे २०२५च्या दिवाळीत मी स्वतःची गाडी घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरातून पहिला प्रश्न 'कोणती?' असा आलाच नाही. बाबा एवढंच म्हणाले, 'कागद आधी बघ.'

'डॉक्टरची गाडी आहे, मॅडम!'

मी पडले फ्रीलान्सर. बँकेला सॅलरी स्लिप हवी असते, माझ्याकडे असतात उशिरा येणारे चेक. म्हणजे लोन नाही, नवी गाडीही नाही. साठवलेले साडेचार लाख आणि सेकंड हॅण्ड हॅचबॅक, एवढाच हिशेब होता.

नगर रोडवरच्या एका यार्डात पहिली गाडी पाहिली. लाल, चकचकीत, आतून परफ्युमचा घमघमाट. डायलॉग ठरलेले होते. 'डॉक्टरची गाडी आहे मॅडम, एक रुपयाचं काम नाही. संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय, टोकन द्या, थांबवून ठेवतो.' मी जवळजवळ पर्स उघडलीच होती! पण सोबत आमच्या गल्लीतले गॅरेजवाले काका होते. हजार रुपये फी आणि वर चहा, अशा बोलीवर आले होते. (माझ्या आयुष्यातले सगळ्यात सत्कारणी लागलेले हजार रुपये!)

काकांनी बॉनेट उघडलंच नाही. मागच्या सीटवर बसले आणि सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढला. नेहमी आत गुंडाळलेल्या त्या टोकावर मातकट रेघ होती. मग स्टेपनीखालच्या खोबणीत बोट फिरवलं. वाळलेला गाळ! मला बाजूला घेऊन म्हणाले, 'ताई, ही गाडी पोहून आलीये.'

२५ जुलै २०२४ला सिंहगड रोडवर एकतानगरीत पाणी शिरलं, ते आठवतं ना? पुरात बुडालेली प्रत्येक गाडी काही भंगारात जात नाही. काही धुऊनपुसून, परफ्युम मारून पुन्हा बाजारात उभ्या राहतात. वायरिंग आणि इलेक्ट्रॉनिक्स मात्र आतून गंजत जातं आणि सहा महिन्यांनी एकेक करून नखरे सुरू होतात.

काकांचे बाकीचे फंडेही लिहून ठेवा. टायरवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला टायर. गाडी २०२१ची आणि टायर २०२४चे असतील, तरीही मीटर 'फक्त १८ हजार किलोमीटर' दाखवत असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय! एवढ्या कमी चाललेल्या गाडीचे चारही टायर बदलावे का लागले? पेडलचं रबर आणि स्टिअरिंग किती झिजलंय तेही बघा. मीटर मागे फिरवता येतो, झीज नाही. सगळ्या काचांवरचे शिक्के जुळवून पाहा, एखादी वेगळी दिसली तर ती कधी आणि का बदलली ते विचारा. बॉनेटच्या आणि दाराच्या बोल्टवरचा रंग उडाला असेल तर पाना लागलाय, हे नक्की. आणि गाडी बघायला जाण्याआधी फोन करून सांगा, 'मी येईपर्यंत चालू करू नका.' थंड इंजिन खोटं बोलत नाही.

नंबर टाका, कुंडली काढा

दुसरी गाडी वाकडच्या एका आयटीवाल्याची. मुलगा सज्जन, गाडी सुरेख, सर्व्हिसची सगळी बिलं फाईलमध्ये लावलेली. काकाही खूश. मी एमपरिवहन अॅप उघडून नंबर टाकला. मालकाचं नाव तिथे अर्धवटच दिसतं, पण नोंदणीची तारीख, हा कितवा मालक, इन्शुरन्स आणि पीयूसी कधीपर्यंत, गाडीवर कर्जाचा बोजा आहे का, हे सगळं कळतं. आणि तिथे बँकेचं नाव झळकत होतं!

'पण माझं लोन तर २०२१मध्येच फिटलंय,' तो गोंधळून म्हणाला. खरंच फिटलं होतं. बँकेची एनओसीही ड्रॉवरमध्ये होती. पण ती फॉर्म ३५सोबत आरटीओत देऊन बोजा उतरवायचा असतो, हे त्याच्या गावीही नव्हतं. बोजा उतरल्याशिवाय गाडी सुखासुखी आपल्या नावावर होत नाही. तो म्हणाला, 'पैसे आत्ता देऊन टाका, मी करतो मागाहून.' मला बाबांचा इस्त्रीचा शर्ट आठवला. सॉरी बॉस! चांगल्या माणसाची गाडीसुद्धा अर्धवट कागदांवर घ्यायची नाही.

भाव कसा करायचा?

तिसरी गाडी कोथरूडच्या एका काकांची. २०२०ची पेट्रोल हॅचबॅक, मुलगी परदेशी गेल्यामुळे नुसती उभी. बोजा नाही, चलन नाही, दुसरा मालक नाही. किंमत सांगितली पावणेपाच लाख. 'अगं, नवी घ्यायला गेलीस तर सात लाखांना पडेल शोरूमला,' काका म्हणाले.

इथे आपला होमवर्क कामी येतो. २२ सप्टेंबर २०२५पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी कमी झाला. चार मीटरच्या आतल्या आणि १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाड्यांवर आधी जीएसटी आणि सेस मिळून २९ टक्के कर होता, तो १८ टक्के झाला. म्हणजे जी गाडी सात लाखांना होती, ती नुसत्या कराच्या फरकाने सुमारे सहा लाख चाळीस हजारांवर येते. नवी स्वस्त झाली, तर जुनीनेही खाली यायला नको? जुन्या गाडीचा भाव नेहमी नव्या गाडीच्या आजच्या किमतीवरून करायचा, मालकाने तेव्हा मोजलेल्या किमतीवरून नाही.

डीलरकडून घेणाऱ्यांसाठी आणखी एक. जानेवारी २०२५पासून जुन्या गाड्या विकणाऱ्या नोंदणीकृत डीलरला १८ टक्के जीएसटी लागतो, पण तो त्याच्या नफ्यावर. चार लाखांना घेतलेली गाडी त्याने साडेचारला विकली, तर कर पन्नास हजारांवर, म्हणजे नऊ हजार. 'पूर्ण किमतीवर १८ टक्के पडतात, मॅडम' असं कोणी म्हणालं, तर गोड हसा आणि उठा! आपली गाडी थेट विकणाऱ्या घरगुती मालकाला हा जीएसटी लागत नाही.

मी काकांशी 'थोडं कमी करा ना' म्हणून हुज्जत घातलीच नाही. एका कागदावर यादी लिहिली. चारही टायर बदलायला आलेत, बॅटरी शेवटच्या घटका मोजतेय, इन्शुरन्स पुढच्या महिन्यात संपतोय, नव्या गाडीची किंमत उतरलीय. प्रत्येकासमोर आकडा. काकांनी चष्मा लावून यादी वाचली, दोन ठिकाणी माझाच हिशेब दुरुस्त केला (!) आणि चार लाख पस्तीस हजारांवर हो म्हणाले. तोवर काकूंचे पोहे आले होते.

पिक्चर अभी बाकी है!

बहुतेकांच्या दृष्टीने डील इथे संपते. माझी इथे सुरू झाली. टोकन म्हणून वीस हजार बँकेतून ट्रान्सफर केले आणि त्याची पावती घेतली. तीत गाडीचा नंबर, ठरलेली किंमत आणि 'कागदांत अडचण निघाल्यास टोकन परत' हे वाक्य. फॉर्म २९ आणि ३० काकांसमोर बसून भरले, एकही रकाना कोरा न ठेवता. डिलिव्हरी नोटवर तारीख आणि वेळ दोन्ही टाकली. दहा हजार नाव बदलेपर्यंत राखून ठेवायचं ठरलं. काका जरा हिरमुसले, पण बाबांची गोष्ट सांगितल्यावर स्वतःच म्हणाले, 'अगं, मग यात माझाच जास्त फायदा आहे!'

अगदी बरोबर. नाव बदललं नाही तर विकणाऱ्याचं नुकसान सगळ्यात जास्त. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत अर्ज करायचा, असा नियम आहे. इन्शुरन्सही १४ दिवसांत आपल्या नावावर करून घ्यायचा. आणि हो, विकणाऱ्याचा नो क्लेम बोनस आपल्याला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो. त्यामुळे प्रीमियम वाढणार, हे धरूनच बजेट करा.

गाडी डीलरला विकत असाल तर एप्रिल २०२३पासून एक चांगली सोय झालीय. आरटीओचं अधिकृतता प्रमाणपत्र असलेल्या डीलरकडे गाडी देताना तशी ऑनलाइन नोंद करता येते. मग पुढच्या भानगडींची जबाबदारी डीलरवर जाते. बाबांच्या वेळी हे नव्हतं. आता आहे, तर प्रमाणपत्र मागायला लाजायचं कशाला?

नवी घेताय?

तुमचीही सुटका नाही! कोटेशन एकेक ओळ करून वाचा.

• इन्शुरन्स शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. बाहेरून दोन कोटेशन आणा, आकडे पटापट उतरतात.
• महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला, वैयक्तिक नावावर, ११ टक्के रोड टॅक्स आहे. तेवढाच लावलाय ना, कॅल्क्युलेटरवर बघा.
• 'हॅण्डलिंग चार्जेस' आणि 'अॅक्सेसरीज किट' कशाचे, ते लेखी मागा. नको असेल तर सरळ काढायला लावा.
• गाडी कोणत्या महिन्यात बनली ते विचारा. जानेवारीत घेतलेली डिसेंबरची गाडी विकताना एक वर्ष जुनी धरली जाते.
• नोंदणी होण्याआधी गाडी डोळ्यांनी बघा. नंबर पडल्यावर ओरखडाही तुमचाच!

काही आठवड्यांनी एका दुपारी एसएमएस आला. अॅप उघडून पाहिलं, मालक क्रमांक २. राहिलेले दहा हजार त्याच मिनिटाला काकांना पाठवले, सोबत स्क्रीनशॉट. 'काका, तुम्ही सुटलात!'

संध्याकाळी बाबांना खाली नेऊन गाडी दाखवली. त्यांनी रंग पाहिला नाही, दार उघडून पाहिलं नाही. खिशातून फोन काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि नंबर प्लेटकडे बघत एकेक आकडा अॅपमध्ये टाकला. स्क्रीनवरच्या अर्धवट नावातली माझी आद्याक्षरं दोनदा वाचली.

मग म्हणाले, 'आता पेढे आण.'