सुरीची मूठ, सांबराचे शिंग

बालमित्रांनो, नागपूरच्या अजब बंगल्यातली जुनी शस्त्रे पाहिलीत ना? पाते सगळेच बघतात, पुढच्या वेळी मूठही बघा!

पूर्वी शिकारीच्या सुरीला सांबराच्या शिंगाची मूठ बसवत. इंग्लंडमधल्या शेफील्डचे कारागीरही हे शिंग भारतातून मागवत. का बरं? गाईच्या शिंगावर नखासारखे आवरण असते, सांबराचे शिंग मात्र अस्सल हाड! बाहेरून टणक, आत सच्छिद्र. कारागीर त्याला भोक पाडून पात्याचे शेपूट आत पक्के बसवी. कडा कानशीने घासून झिलई देई. वरचा खडबडीतपणा मात्र तसाच ठेवी, म्हणजे ओल्या हातातून सुरी निसटत नसे.

सांबराची शिंगे गळतात, पुन्हा नवी येतात. मग पेंचच्या जंगलात पडलेले शिंग उचलले तर? छे! वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. एकदा तुकडे केले, की गळलेले कोणते नि मारलेल्या सांबराचे कोणते, कोण ओळखणार? शिवाय ते वाया जात नाही हं! साळिंदर ते कुरतडून कॅल्शियम मिळवते.

आपल्याला लाकडी मूठच छान. घरच्या सुरीची मूठ खरखरीत झाली असेल, तर आईबाबांना सांगा. त्यांनी पॉलिशपेपरने घासली, की तुम्ही जवसाचे तेल चोळा. बघा कशी चमकते!